बियाण्याची मालकी आणि लोकमनातील भय : बीटी कापसाच्या विरोधाची चिकित्सा

प्रस्तावना

परकीय मालकीला होणारा विरोध बहुधा राष्ट्राभिमानाच्या भाषेत व्यक्त होतो. परंतु त्याच्या मुळाशी असलेले भय आणि रोष पुष्कळदा निराळ्याच अनुभवातून जन्मलेले असतात. बीटी कापसाच्या बियाण्याचा वाद हे त्याचे बोलके उदाहरण होय. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाड्यासारख्या कापूस पिकविणाऱ्या गावांना हा वाद ग्रंथांतून नव्हे, तर मृगाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्राच्या दारात भेटतो. या विरोधामागील लोकभावनेची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भयाचे स्वरूप

१९९८ साली मोन्सॅन्टो या अमेरिकी कंपनीने जालन्याच्या महिको कंपनीत २६ टक्के भागभांडवल घेतले. त्याच वर्षी अमेरिकेत 'टर्मिनेटर' नावाने कुप्रसिद्ध झालेल्या, बियाणे वांझ करणाऱ्या तंत्राला पेटंट मिळाले. या दोन वार्ता लोकमनात एकत्र झाल्या. नोव्हेंबर १९९८ मध्ये प्रा. नंजुंडस्वामी यांच्या कर्नाटक राज्य रयत संघाने रायचूर जिल्ह्यात चाचणीचे पीक जाळले. परकी कंपनी आपले बी वांझ करणार, ही धास्ती सर्वत्र पसरली.

वस्तुतः बीटी वाणात हे तंत्र नव्हते आणि ते बाजारात न आणण्याची घोषणा मोन्सॅन्टोने १९९९ साली केली. तथ्य म्हणून ही समजूत चुकीची ठरते. अनुभव म्हणून ती निराधार नव्हती. बीटी कापूस भारतात मुख्यतः संकरित वाणांतून आला. संकरित वाणाची सरकी राखून पेरली तर पुढील पिढीत गुण टिकत नाहीत. म्हणून बी दरवर्षी विकतच घ्यावे लागते. मात्र हे परावलंबन परकीयांनी आणलेले नाही. 'एच-४' हा भारतातील पहिला व्यापारी संकरित कापूस १९७० साली सुरतच्या सरकारी संशोधन केंद्रातून आला होता. घरचे बी घरातून गेले ते परकी कंपनी येण्यापूर्वीच; त्या हानीला नाव मात्र तिच्या आगमनानंतर मिळाले.

रोषाचे कारण

२६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या मान्यता समितीने महिकोच्या तीन बीटी वाणांना परवानगी दिली. ४५० ग्रॅमच्या पाकिटासाठी सुमारे १६०० रुपये मोजावे लागत आणि त्यातील मोठा वाटा तंत्रज्ञानाच्या शुल्काचा असे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने ही रक्कम पाऊस पडण्याआधीच फेडावयाच्या सावकारी व्याजासारखी होती. आंध्र प्रदेश शासनाने तक्रार केल्यानंतर, २००६ साली मक्तेदारी आयोगाने हे शुल्क कमी करण्याचा आदेश दिला आणि पाकिटाची किंमत ७५० रुपयांच्या घरात आली. मालक तोच राहूनही किंमत निम्म्याहून खाली आली, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. रोषाला उत्तर मिळाले ते नियमनातून, हकालपट्टीतून नव्हे.

विरोधातील विसंगती

परकेपणा हेच खरे कारण असते, तर शेतकऱ्याचे वर्तन निराळे दिसले असते. २००१ साली गुजरातेत 'नवभारत १५१' हे विनापरवाना बीटी बियाणे आढळले. शासनाने पीक नष्ट करण्याचा पवित्रा घेतला, तेव्हा शरद जोशी शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने तणनाशक-सहनशील बियाणे बंदी असतानाही जाहीरपणे पेरले. उलट, १९७२ पासून महाराष्ट्रात राबविलेली कापूस एकाधिकार खरेदी योजना संपूर्णतः स्वदेशी होती. तरीही कापूस अन्यत्र विकण्यास मनाई आणि चुकाऱ्याला होणारा विलंब यांमुळे तिच्याविषयीही रोष होता. एकच दार उघडे असणे हे त्या रोषाचे मूळ होते. दारावरील पाटी कोणत्या देशाची, हा प्रश्न दुय्यम होता.

१८७५ च्या दख्खनच्या दंग्यांतही हेच दिसते. सुप्यापासून सुरू झालेल्या त्या उठावाचा रोख परगावाहून आलेल्या सावकारांवर होता; पण जमावाने प्रामुख्याने हुडकून जाळली ती कर्जखते. सावकाराच्या परकेपणापेक्षा त्याच्या हाती असलेल्या कागदाचे भय अधिक होते. बियाण्याचे पेटंट हा त्याच जातीचा कागद आहे.

याचा अर्थ मालक परकीय असण्याने काहीच फरक पडत नाही, असा नाही. अंतर वाढले की उत्तरदायित्व विरळ होते. २०१७ साली शेंदरी बोंडअळीने मराठवाडा-विदर्भातील कापूस पोखरला, तेव्हा जाब कोणाला विचारावा हाच प्रश्न होता. पुढच्याच वर्षी मोन्सॅन्टो जर्मनीच्या बायर कंपनीकडे गेली. मालक बदलला, बोंडे वेचणाऱ्या हाताला त्यात कोठेच स्थान नव्हते.

समारोप

परकीय मालकीच्या विरोधातील भय केवळ अज्ञानातून उपजलेले मानणे अन्यायाचे आहे. त्याचप्रमाणे ते निव्वळ देशप्रेम मानणे भाबडेपणाचे आहे. ते निर्णयशक्ती गमावल्याचे भय आहे. केवळ 'परकी' या शब्दावर थांबणारा विरोध बनावट बियाणे विकणाऱ्या स्वकीयालाही आडोसा देतो आणि सार्वजनिक संशोधनातील सरळ वाण वेळेवर न पुरविणाऱ्या शासनालाही मोकळे सोडतो. म्हणून मालकीची कसोटी तीन प्रश्नांवर लावली पाहिजे : किंमत कोण ठरवितो, दुसरा पर्याय आहे काय, आणि नुकसानीचा जाब कोण देतो? तलवाड्याच्या शेतकऱ्याला या तिन्हींची उत्तरे पेरणीपूर्वी मिळतील, तेव्हाच हे भय ओसरेल.