मराठी वृत्तपत्रांची छापील आणि ऑनलाइन आवृत्ती : एक तुलनात्मक विवेचन

प्रस्तावना :

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. या पत्रात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जात असे. एकाच पत्राची दोन रूपे असणे ही गोष्ट मराठी वृत्तपत्रसृष्टीला तिच्या जन्मापासूनच परिचित आहे. मात्र 'दर्पण'ची दोन्ही रूपे एकाच कागदावर व एकाच संपादकीय दृष्टीखाली होती. आजच्या मराठी दैनिकाचा छापील अंक आणि त्याचे संकेतस्थळ एकच नाव धारण करतात. परंतु त्यांची बातमीची निवड, भाषा आणि जबाबदारीची कल्पना एकच आहे काय, हा प्रश्न उरतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मांडणी, भाषा, स्थानिक बातमी आणि अभिलेख या चार अंगांनी विचार केला आहे.

पार्श्वभूमी :

भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली आणि त्याच वर्षी 'द हिंदू' या इंग्रजी दैनिकाने आपली ऑनलाइन आवृत्ती काढली. मराठी दैनिकांपुढील अडचण वेगळी होती. आरंभीच्या काळात मराठी संकेतस्थळे आपापले स्वतंत्र फॉन्ट वापरीत. वाचकाने तो फॉन्ट उतरवून घेतला नाही, तर पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटत. असा मजकूर शोधता येत नसे आणि अन्यत्र नेताही येत नसे. युनिकोडचा वापर रुळल्यावरच मराठी बातमी खऱ्या अर्थाने ऑनलाइन झाली. ज्या काळातील मजकूर जुन्या फॉन्टमध्येच अडकून राहिला, तो आज वाचकाच्या दृष्टीने जवळजवळ नाहीसाच झाला आहे. ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

मांडणी आणि महत्त्वक्रम :

छापील पहिले पान हे एक मतप्रदर्शन असते. कोणती बातमी आठ स्तंभी मथळ्यास पात्र आहे, कोणती चौकटीत बसवावी आणि कोणती आतल्या पानावर न्यावी, हे संपादकास रात्री ठरवावे लागते. जागा मर्यादित असल्यामुळे एक बातमी घेणे म्हणजे दुसरी वगळणे होय. वाचक या निर्णयाशी सहमत होईल किंवा होणार नाही. पण निर्णय त्याच्यासमोर उघड असतो. दोन दैनिकांची पहिली पाने शेजारी ठेवली की त्यांची भूमिका कळते.

ऑनलाइन आवृत्तीत जागेची टंचाई नसते, म्हणून वगळण्याचे दडपणही नसते. तेथील क्रम बव्हंशी वेळेवर आणि वाचकांच्या प्रतिसादावर ठरतो. दुष्काळाची बातमी आणि अभिनेत्रीच्या पोशाखाची बातमी सारख्याच आकाराच्या चौकटींत एकाखाली एक येतात. शिवाय पुष्कळ वाचक मुखपृष्ठावर न येता शोधयंत्रातून अथवा समाजमाध्यमातून थेट एका बातमीवर उतरतात. त्यांच्या दृष्टीने 'पहिले पान' अस्तित्वातच नसते. रविवारच्या पुरवण्यांचेही तेच. 'लोकरंग', 'सप्तरंग' किंवा 'मंथन' हातात घेताना वाचक सावकाश वाचनाची तयारी ठेवतो. तोच लेख संकेतस्थळावर सुटा आला की त्याची संगत तुटते.

मथळा आणि भाषा :

छापील मथळा थोड्या शब्दांत बातमीचे सार सांगतो. ऑनलाइन मथळ्यास मात्र वाचकाचे बोट खेचून घ्यावयाचे असते. म्हणून तो सार सांगण्याऐवजी ते लपवतो. 'नेमके काय घडले?', 'कारण वाचून थक्क व्हाल' अशा धाटणीचे मथळे ज्या नावाखाली येतात, त्याच नावाच्या छापील अंकात ते आढळणे कठीण. घाईचा परिणाम मजकुरावरही होतो. इंग्रजी बातमीच्या वाक्यरचनेवर बेतलेली वाक्ये आणि शुद्धलेखनाकडील दुर्लक्ष ऑनलाइन आवृत्तीत अधिक जाणवते. मुद्रितशोधक हा छापखान्यातील जुना पहारेकरी होता. नव्या व्यवस्थेत त्याची जागा बहुधा रिकामीच राहिली आहे. मराठी गद्याची घडण ज्या वृत्तपत्रांनी केली, त्यांच्याच नावाने हे गद्य प्रसृत होत असल्यामुळे हा दोष किरकोळ मानता येणार नाही.

स्थानिक बातमी आणि दूरचा वाचक :

येथे तुलनेचे पारडे ऑनलाइन आवृत्तीकडे झुकते. जिल्हा आवृत्त्यांच्या पद्धतीमुळे सांगलीची बातमी सांगलीच्याच पानावर राहत असे व नागपूरच्या वाचकास तिचा पत्ता लागत नसे. संकेतस्थळाने ही भिंत पाडली. बेळगावचा 'तरुण भारत' किंवा गोव्यातील मराठी दैनिक आज परदेशी स्थायिक झालेल्या मराठी माणसास त्याच दिवशी वाचता येते. मार्च २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीत मुंबईतील अंकांचे वितरण थांबले आणि एप्रिलमध्ये राज्य शासनाने घरोघर वाटपावर निर्बंध घातले, तेव्हा ऑनलाइन आवृत्ती आणि ई-पेपर यांनीच वाचकाशी नाते टिकवले.

तथापि, छापील अंकाचे स्थानिक कार्य पूर्णतः संपलेले नाही. जमीन खरेदीपूर्वीची जाहीर नोटीस आजही अंकातच शोधली जाते. समन्स जाहिरातीद्वारे बजावावयाचे झाल्यास प्रतिवादी जेथे शेवटचा राहत होता त्या भागात खपणाऱ्या दैनिकाचीच अपेक्षा दिवाणी प्रक्रिया संहिता करते. कायद्याच्या लेखी कागदावरील तारीख हा अद्यापि पुरावा आहे.

चूक, दुरुस्ती आणि अभिलेख :

दोन्ही रूपांतील सर्वांत गंभीर भेद येथे आहे. छापील अंकातील चूक परत घेता येत नाही; दुसऱ्या दिवशी खुलासा अथवा दिलगिरी छापावी लागते. त्यामुळे चूक आणि दुरुस्ती दोन्ही नोंदली जातात. ऑनलाइन मजकूर मात्र कोणतीही खूण न ठेवता बदलता किंवा काढून टाकता येतो.

'लोकसत्ता'ने १७ मार्च २०१६ रोजी प्रसिद्ध केलेला मदर तेरेसांविषयीचा 'असंतांचे संत' हा अग्रलेख दुसऱ्याच दिवशी दिलगिरीसह मागे घेतला. संकेतस्थळावरून तो हटवता आला. घरोघर पोहोचलेले अंक मात्र परत येणे शक्य नव्हते. त्या अग्रलेखाच्या गुणदोषांचा विचार येथे अप्रस्तुत आहे. मुद्दा असा की, अग्रलेख होता काय आणि त्यात काय म्हटले होते, हे उद्याच्या अभ्यासकास सांगणारा विश्वसनीय साक्षीदार छापील अंकच ठरतो.

कायद्यानेही हा भेद अधोरेखित केला आहे. १८६७ च्या मुद्रण व पुस्तक नोंदणी अधिनियमाने आणि १९५४ च्या ग्रंथ-प्रदान अधिनियमातील १९५६ च्या दुरुस्तीने छापील वृत्तपत्राची नोंद आणि जतन यांची चौकट उभी केली. १८६७ च्या कायद्याची जागा १ मार्च २०२४ पासून २०२३ च्या नव्या अधिनियमाने घेतली, तरी त्याचाही रोख छापील नियतकालिकांवरच आहे. डिजिटल वृत्तप्रकाशकांसाठी २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. त्यांत प्रसारित मजकुराची नोंद किमान ६० दिवस ठेवण्याची अपेक्षा आहे. साठ दिवसांत तक्रारीचा निकाल लागू शकेल, इतिहासाचे साधन मात्र तयार होणार नाही. ठाण्याचे (१८९३) आणि मुंबईचे (१८९८) मराठी ग्रंथसंग्रहालय यांसारख्या संस्थांनी जुन्या नियतकालिकांच्या बाबतीत जे कार्य केले, तसे कार्य संकेतस्थळांच्या बाबतीत कोण करणार, हा प्रश्न अनुत्तरित आहे. ई-पेपर हा काही अंशी उपाय होय. पण तो छापील पानाचीच प्रतिमा असल्यामुळे केवळ ऑनलाइन प्रसिद्ध झालेला मजकूर त्यात येत नाही.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसते की, वेग, पोच आणि शोधसुलभता यांत ऑनलाइन आवृत्ती सरस आहे. निवड, भाषा आणि स्थायित्व यांत छापील अंक सरस आहे. परंतु यांतील काही उणिवा माध्यमाच्या नसून संपादकीय शिस्तीच्या आहेत. दुरुस्तीची तारीखवार नोंद ठेवणे, मागे घेतलेल्या मजकुराच्या जागी तसे स्पष्ट लिहिणे, मथळा आणि शुद्धलेखन यांची तीच कसोटी दोन्हीकडे लावणे, या गोष्टींस तंत्रज्ञान आड येत नाही. छापील अंकाचा खप पुढे कितीही घटला, तरी त्याने जोपासलेली ही जबाबदारी नव्या रूपात उतरणे आवश्यक आहे. अन्यथा एकेकाळी फॉन्टअभावी जो मजकूर हरवला, त्याहून कितीतरी मोठा मजकूर यापुढे निव्वळ बेफिकिरीने हरवेल आणि आजच्या महाराष्ट्राचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास एकोणिसाव्या शतकापेक्षा एकविसाव्या शतकाचीच साधने दुर्मीळ वाटतील.