संगीत-शिफारशीचे निकष : शास्त्रोक्त संगीत, प्रयोगशील संगीत आणि धाराशिव जिल्ह्यातील श्रोता

प्रस्तावना :
एका श्रोत्याने दुसऱ्या श्रोत्यास 'हे ऐकावे' असे सुचविणे हा संगीतव्यवहाराचा अविभाज्य भाग आहे. मराठीत हे कार्य संगीतसमीक्षेनेही केले. मात्र एका प्रकारच्या संगीतात मुरलेल्या श्रोत्यास दुसऱ्या प्रकारचे संगीत सुचविताना कोणता निकष वापरावा, याचा विचार तुलनेने कमी झाला. प्रस्तुत लेखात वामनराव देशपांडे आणि डॉ. अशोक दा. रानडे यांच्या विचारांची या अंगाने चिकित्सा केली असून त्यासाठी धाराशिव जिल्ह्यातील श्रोता समोर ठेवला आहे.

श्रोत्याची पूर्वपीठिका :
2023 पर्यंत उस्मानाबाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात तुळजापूरची भवानी आणि तेरचे संत गोरोबाकाका ही दोन श्रद्धास्थाने आहेत. त्यामुळे एकीकडे संबळ-तुणतुण्याच्या साथीने होणारा गोंधळ आणि दुसरीकडे टाळ-पखवाजाच्या साथीने होणारे भजन, असे दुहेरी संस्कार येथील कानावर होतात. गोंधळात देवदेवतांना आवाहन, आख्यान आणि आरती असा क्रम असतो. गाणे, कथन आणि नाट्य त्यात एकत्र नांदतात. संबळाची लय शरीराने जाणणाऱ्या या श्रोत्यास ख्याल ऐकण्याचा सल्ला दिला जातो, तेव्हा 'तुमचा कान अद्याप तयार नाही' असे अनेकदा गृहीत धरलेले असते. अशी शिफारस श्रोत्याला नव्या संगीताजवळ नेत नाही. उलट स्वतःच्या संगीताविषयी त्याच्या मनात न्यूनगंड निर्माण करते.

दोन समीक्षादृष्टी :
वामनराव देशपांडे यांनी 'घरंदाज गायकी' (1961) या ग्रंथात स्वर आणि लय या दोन तत्त्वांच्या आधारे ख्यालगायनाच्या घराण्यांची मांडणी केली. किराणा घराणे स्वराकडे तर आग्रा घराणे लयीकडे झुकते आणि जयपूर घराण्यात दोहोंचा समतोल आढळतो, हे त्यांचे प्रतिपादन सर्वश्रुत आहे. श्रोत्यास 'काय ऐकावे' याबरोबरच 'कशासाठी ऐकावे' हे सांगणे, हे या ग्रंथाचे मोठे योगदान होय. परंतु हा निकष ख्यालासाठी घडलेला आहे. तोच गोंधळास लावल्यास गोंधळ उणा ठरतो, कारण तेथे लय आख्यानाच्या आणि विधीच्या सेवेत असते. हा दोष ग्रंथाचा नसून त्याचा निकष सरसकट लावणाऱ्यांचा आहे.

'लोकसंगीतशास्त्र' (1975) लिहिणाऱ्या डॉ. रानडे यांनी आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा संगीताच्या कोटी मानल्या. या कोटी म्हणजे उतरंड नव्हे. प्रत्येक कोटीचे प्रयोजन आणि मूल्यमापनाचे निकष वेगळे असतात. 'देवगाणी', 'बैठकीची लावणी' यांसारख्या कार्यक्रमांतून विवेचन व प्रत्यक्ष गायन यांची सांगड घालून त्यांनी हा विचार श्रोत्यांपर्यंत नेला. तथापि त्यांची परिभाषा सामान्य श्रोत्यास जड जाते. शिवाय गोंधळ लोकसंगीतात गणावा की भक्तिसंगीतात, असा पेच उरतोच. तरीही एका प्रकारच्या मापाने दुसरा प्रकार मोजू नये, ही त्यांची भूमिका आंतरप्रकारीय शिफारशीसाठी अधिक उपयुक्त ठरते.

कुमार गंधर्व : एक निदर्शक उदाहरण :
या भूमिकेची प्रत्यक्ष परीक्षा कुमार गंधर्व (1924–1992) यांच्या गायनात होते. प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकलेले कुमारजी 1948 मध्ये देवास येथे वास्तव्यास आले. क्षयरोगामुळे गाणे थांबलेल्या काळात माळव्याच्या लोकधुना त्यांच्या कानी पडल्या. पुढे त्यांनी या धुनांचे संकलन केले आणि त्यांतून धुनउगम राग सिद्ध केले. 'अनूपरागविलास' (1965) या ग्रंथात त्यांच्या बंदिशी आहेत. येथे लोकधून ही रागाची कच्ची सामग्री म्हणून येत नाही, तर रागाचे उगमस्थान म्हणून प्रतिष्ठित होते. म्हणून धाराशिवच्या श्रोत्यास आधी माळव्याची लोकधून, नंतर धुनउगम राग आणि त्यानंतर पारंपरिक ख्याल असा क्रम सुचविता येतो. उलटपक्षी, ख्यालाच्या श्रोत्यास याच वाटेने गोंधळापर्यंत आणता येते. शिफारस अशी दुतर्फा असेल तरच ती समतेची ठरते.

आजचा संदर्भ :
आज भ्रमणध्वनीवरील संगीतसेवा श्रोत्याच्या पूर्वीच्या निवडीवरून व तत्सम श्रोत्यांच्या पसंतीवरून पुढील गाणे सुचवितात. त्यामुळे दुर्मीळ ध्वनिमुद्रणेही खेड्यापर्यंत पोहोचली, हे मान्य करावे लागेल. परंतु हे गाणे का ऐकावे आणि त्यात कशाकडे लक्ष द्यावे, हे केवळ अशा यादीतून कळत नाही. समीक्षकाचे आणि शिक्षकाचे कार्य नेमके येथे सुरू होते.

निष्कर्ष :
प्रकारांच्या सीमा ओलांडणारी शिफारस केवळ कलाकृतीची नसते. ती ऐकण्याच्या रीतीची असते. वामनरावांनी शिफारशीला कारण दिले, रानडे यांनी प्रत्येक प्रकाराला त्याचे माप दिले आणि कुमारजींनी त्यांमधील वाट गाऊन दाखविली. धाराशिव जिल्ह्यातील महाविद्यालयांत संगीतास्वादाचा आरंभ ख्यालाच्या व्याख्येने करण्यापेक्षा संबळाच्या लयीने केला, तर विद्यार्थी नव्या संगीताकडे उपरा म्हणून नव्हे, जाणता श्रोता म्हणून जाईल.