‘खामोशी’तील राधा आणि रिकामे हात

मनोरुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेचे चित्र आपल्या सुशिक्षित घरांतून ज्या कृतींनी ठसविले, त्यांत ‘खामोशी’स अग्रस्थान द्यावे लागेल. आशुतोष मुखर्जी यांच्या ‘नर्स मित्रा’ या बंगाली कथेवरून असित सेन यांनी १९५९ साली ‘दीप ज्वेले जाइ’ हा बंगाली चित्रपट काढला व १९६९ साली तीच कथा हिंदीत आणली. वहिदा रेहमान यांचा अभिनय व हेमंतकुमारांचे संगीत यांविषयी आमची तक्रार नाही. आमचा आक्षेप कथेच्या मुळाशी आहे.

प्रेमभंगाने भ्रमिष्ट झालेल्या तरुणास परिचारिकेने प्रेमाचा आभास करून बरे करावे, असा डॉक्टर कर्नलसाहेबांचा प्रयोग. पहिला रोगी बरा होऊन निघून जातो. राधेचा जीव मात्र त्याच्यात खरोखरीच गुंतलेला असतो. दुसऱ्या वेळी ती आधी नाकारते, पुढे मान्य करते आणि अखेर स्वतःच रोगी होते. तिला काय वाटते, हे वेळेवर कोणी विचारीतच नाही! ही क्रूरता कथाकाराने ओळखली, हे त्याचे श्रेय. परंतु परिचारिकेच्या अंतःकरणात प्रीती आणि वेड यांखेरीज तिसरे काही असू शकेल, हे त्यास सुचले नाही.

ते तिसरे पाहावयाचे तर शिकाऊ मुलीचे पहिले दिवस पाहावेत. परिचर्येच्या अभ्यासक्रमात मनोरुग्णांमधील काम सक्तीचे आहे. कोणी अंगावर धावून येईल, ही भीती घेऊनच विशीतली मुलगी तेथे पाऊल टाकते. ती भीती थोडीफार चित्रपटांनीच दिलेली असते. रोग्यांची ओळख पडू लागली की ती बहुधा ओसरते, आणि खरी अडचण तेथून पुढे. इतर वॉर्डात हाती थर्मामीटर असतो, इंजेक्शन असते, पट्टी बांधावयाची असते. हात गुंतले की मनास आडोसा मिळतो. येथे हात रिकामे. समोर बसून नुसते बोलावयाचे, आणि एखादा शब्द चुकला तर काय, ही धास्ती. अशा वेळी आईच्या वयाची, बरी होऊनही घरच्यांनी न नेलेली एखादी बाई विचारते, “पोरी, मला न्यायला कधी येणार गं?” उत्तर कोणत्याच पुस्तकात नसते. कालच्या भीतीची लाज, त्या नातलगांचा संताप, आणि उद्या आपल्याच घरी हे घडले तर, ही शंका, सारे एकदम दाटून येते.

हिल्डगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेने १९५२ सालच्या आपल्या ग्रंथात रोगी व परिचारिका यांचे परस्परसंबंध परिचर्येच्या केंद्रस्थानी आणले. परिचारिकेने स्वतःचे मन ओळखावे, हे त्यातून ओघानेच आले. कर्नलसाहेबांनी नेमके ते मन झाकून ठेवण्याचे काम राधेस सांगितले होते.

या मुलींना रोग्याशी झालेले संभाषण शब्दशः वहीत उतरवावे लागते. तो काय म्हणाला, आपण काय म्हणालो, तेव्हा आपल्यास काय वाटले. असे लेखन मराठी कथेत आमच्या तरी पाहण्यात आलेले नाही. वह्या तपासल्या जातात, गुण मिळतात, आणि गठ्ठा कपाटात जातो.