धातू-पॉर्फिरीनांचे अध्यापन : एका प्रचलित स्पष्टीकरणाची चिकित्सा

जैव-असेंद्रिय रसायनशास्त्र शिकविताना हीमविषयी एक ठरावीक परिच्छेद येतो. मुक्त हीम कार्बन मोनॉक्साइडला ऑक्सिजनपेक्षा सुमारे वीस-पंचवीस हजार पटींनी घट्ट धरते. मायोग्लोबिनमध्ये हे प्रमाण दोनशे पटींपर्यंत किंवा त्याहूनही खाली येते. कारण प्रथिनातील दूरस्थ हिस्टिडीन कार्बन मोनॉक्साइडला सरळ उभे राहू देत नाही, त्यास वाकविते. विद्यार्थी हे पाठ करतो व परीक्षक गुण देतो. प्रस्तुत लेखाचा आक्षेप आकड्यांवर नसून त्यातील ‘कारण’ या शब्दावर आहे.

ही कल्पना निराधार नव्हती. १९८० च्या दशकातील स्फटिकरचनांत लोह-कार्बन-ऑक्सिजन कोन खरोखरच वाकलेला दिसला होता. परंतु १९९५ मध्ये ध्रुवित अवरक्त मापनांनी हा रेणू हीमच्या प्रतलास जवळजवळ लंब असल्याचे दाखविले आणि १९९९ मधील अधिक सूक्ष्म स्फटिकरचनांनी त्यास दुजोरा दिला. उत्परिवर्तनाने हिस्टिडीन काढून टाकले असता ऑक्सिजनची बांधणी कित्येक पटींनी सैल होते. लोहाशी जोडलेल्या ऑक्सिजनवर ऋणभार सरकतो व हिस्टिडीन त्यास हायड्रोजन बंधाने सावरते. कार्बन मोनॉक्साइडला या आधाराचा लाभ नगण्य. म्हणजे हिस्टिडीनचे मुख्य कार्य एकास अडविणे नव्हे, तर दुसऱ्यास धरून ठेवणे हे आहे. पाठ्यपुस्तकांनी हे वाक्य कधीच बदलावयास हवे होते.

मूळ दोष आकृतीत आहे. पॉर्फिरीनचे वलय कोऱ्या कागदावर एकटे काढले जाते. त्याभोवती द्रावक नसतो, प्रथिन नसते, शेजारी दुसरे वलयही नसते. प्रत्यक्षात साधे लोह(दोन) पॉर्फिरीन सामान्य तापमानाच्या द्रावणात ऑक्सिजनला धरून सोडत नाही. दोन वलये एकाच ऑक्सिजन रेणूवर येतात आणि अखेर लोह-ऑक्सिजन-लोह अशा सेतूत अडकून निकामी होतात. कोलमन यांनी १९७० च्या दशकात वलयाच्या एका बाजूस चार गटांचे कुंपण उभारले, तेव्हाच ही बांधणी द्रावणात उलटसुलट घडविता आली. आपल्या जवळच, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, समरेश मित्रा यांनी लोह-पॉर्फिरीनांच्या चुंबकीय गुणधर्मांचा दीर्घकाळ अभ्यास केला. अक्षीय लिगंडानुसार लोहाची स्पिन-अवस्था कशी बदलते हे शिकविताना अशा अभ्यासाचा उल्लेख अवश्य व्हावा.

परिसर वगळून शिकविल्याने विद्यार्थ्याच्या मनात एकच चित्र उरते : विषारी वायू म्हणजे हिमोग्लोबिनवरील ऑक्सिजनची जागा बळकावणारा. १ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याण पूर्वेत एका विहिरीत विषारी वायूने पाच जणांचा बळी घेतला. त्यांत बचावासाठी उतरलेले अग्निशमन दलाचे दोन जवान होते. सांडपाणी झिरपणाऱ्या बंदिस्त जागी साचणारा हायड्रोजन सल्फाइड प्रामुख्याने हिमोग्लोबिनवर नव्हे, तर पेशीतील सायटोक्रोम ऑक्सिडेजच्या हीमवर आघात करतो. सायनाइडचेही लक्ष्य तेच. तो लोह(तीन) अवस्थेस अधिक पसंती देतो. म्हणूनच नायट्राइट देऊन काही हिमोग्लोबिन मुद्दाम त्या अवस्थेत नेतात व सायनाइड तिकडे ओढून घेतात. ठाणे-डोंबिवली पट्ट्यातील रासायनिक कारखान्यांत ज्यांचे विद्यार्थी नोकरीस लागतात, त्या प्राध्यापकांनी हा भेद परीक्षेपुरता ठेवू नये.

यासाठी महागडी सामग्री लागत नाही. पायरोल व बेन्झाल्डिहाइड प्रोपिऑनिक आम्लात उकळून टेट्राफेनिलपॉर्फिरीन मिळते. उत्पादन वीस टक्क्यांच्या आसपास, पण जांभळे स्फटिक पाहून विद्यार्थी हरखतात. त्यात जस्त घालताच दृश्य वर्णपटातील चार पट्ट्यांच्या जागी दोनच उरतात. पुढे टोल्यूइनमध्ये पिरिडीन थोडेथोडे मिसळून वर्णपटमापकावर समतोल स्थिरांक काढावा आणि तोच प्रयोग थोडे मेथॅनॉल घालून पुन्हा करावा. मेथॅनॉल जस्ताशीही बांधले जाते व पिरिडीनशीही हायड्रोजन बंध करते. त्यामुळे स्थिरांक खाली येतो. क्लोरोफॉर्म मात्र टाळावे. त्यातील आम्लाचा अंश जस्त बाहेर काढतो आणि मग तास संपेपर्यंत चार पट्ट्या परत का आल्या, याचाच शोध चालतो.