शंभर आवाज म्हणजे शंभर नमुने नव्हेत : गिरणगावावरचं एक पुस्तक वाचताना

पेटची परीक्षा पास झालेले, आता संशोधन आराखडा लिहायला बसलेले बरेच जण विषय विचारायला येतात. आमच्या निफाड तालुक्यातल्या मुलामुलींच्या डोक्यात एक विषय हमखास असतो : 'बंद पडलेल्या कारखान्याचा परिसरातील जनजीवनावर झालेला परिणाम'. विषय चांगला आहे. विंचूरपासून फार लांब जायलाही नको. भाऊसाहेबनगरचा निफाड सहकारी साखर कारखाना बरीच वर्षं बंद राहिला, त्याची चिमणी सगळ्यांनी पाहिलेली आहे. पण 'पद्धती' या शीर्षकाखाली बहुतेक जण एकच ओळ लिहितात : 'शंभर कामगारांच्या मुलाखती घेण्यात येतील.' कुठले शंभर? त्यांना काय विचारणार? ते सांगतील ते खरं की खोटं हे कसं ठरवणार? पुढे सगळं कोरं.

म्हणून आज एका पुस्तकाबद्दल लिहिते आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांचा मौखिक इतिहास इंग्रजीत लिहिला, तो २००४ साली कोलकात्याच्या सीगल प्रकाशनाने छापला. नावाचा अर्थ साधारण 'शंभर वर्षं, शंभर आवाज'. मराठीत तो 'कथा मुंबईच्या गिरणगावची' या नावाने आला. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, माझं काम भूजलातल्या नायट्रेटवर. त्यामुळे हे परीक्षण साहित्याच्या अंगाने नाही. पुरावा गोळा करायचं एक साधन म्हणून मी या पुस्तकाकडे बघते आहे. साधन कुठे नेमकं चालतं आणि कुठे त्याचा काटा सरकतो, एवढंच तपासायचं आहे.

आधी पुस्तकात काय आहे ते. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला उभारायला घेतली. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी, भायखळा या पट्ट्यात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांचं एक आख्खं गाव वसलं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, पण गिरण्या संपल्या. मग लढाई उरली ती जमिनीची. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे होते : एक मोकळ्या जागेसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जागेपुरती उरली आणि सार्वजनिक वाटे आकसले. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली.

हा सांगाडा कुठेही मिळेल. पुस्तकाची खरी कमाई सांगाड्याच्या आतली आहे. संप सुरू झाल्यावर इतके महिने माणसं जगली कशी? या प्रश्नाचं उत्तर युनियनच्या ठरावात सापडत नाही. ते चाळीतल्या उधारीत आहे, बायकांनी चालवलेल्या खाणावळीत आहे, एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोलीत आहे आणि गावाकडून येणाऱ्या तांदळाच्या पोत्यात आहे. लाल बावटा, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, शाहिरांचे फड, नंतर शिवसेनेचा उदय हे सगळं इथे राजकीय घटनाक्रम म्हणून येत नाही. कोण कुठे राहत होतं, कोणाच्या ओळखीने कामाला लागलं, संध्याकाळी कुठल्या नाक्यावर उभं राहायचं, यातून ते येतं. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांची प्रस्तावनाही हाच धागा पकडते : कारखान्यातलं राजकारण समजून घ्यायचं तर वस्ती समजून घ्या. तुमच्या आराखड्यात हे थेट कामाला येतं. कारखान्याचा अभ्यास गेटच्या आत संपत नाही.

आता विज्ञानवाल्यांचा पहिला आक्षेप. अडीच लाखांतले शंभर म्हणजे ०.०४ टक्के, हा कसला नमुना? हा आक्षेप निम्मा चुकीचा आहे. मौखिक इतिहास 'किती टक्के कामगार उपाशी राहिले' हे सांगायला बसलेलाच नाही. त्यासाठी सर्वेक्षण करा, तिथे यादृच्छिक नमुना लागतो. संप ही गोष्ट माणसाने कशी अनुभवली, त्याचा अर्थ काय लावला, हे इथे शोधायचं असतं. त्यामुळे शीर्षकातल्या 'शंभर'ला संख्याशास्त्रातला एन समजू नका. पण आक्षेपाचा दुसरा निम्मा खरा आहे. संख्या कमी असल्याने बिघडत नाही, निवड कशी झाली त्याने बिघडतं. विहिरीच्या पाण्याचे नमुने फक्त रस्त्याकडेच्या विहिरींतून घेतले तर ते पाचशे असले तरी तालुक्याबद्दल काही सांगत नाहीत.

दुसरा आक्षेप आठवणीच्या भरवशाचा. पन्नास वर्षांपूर्वीचं माणूस काय खाक अचूक सांगणार? इथे इटलीचा एक प्रसिद्ध दाखला आहे. तेर्नी या पोलाद कारखान्याच्या गावात १९४९ साली नाटोविरोधी मोर्चात लुइजी त्रास्तुली नावाचा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीने मेला. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली हा संशोधक तिथल्या लोकांशी बोलला तेव्हा अनेकांनी हा मृत्यू १९५३ मध्ये घडल्याचं सांगितलं, म्हणजे मोठ्या कामगारकपातीविरुद्ध गाव रस्त्यावर उतरलं त्या वेळचा. कागदपत्रांशी ताडलं तर हे सरळ चूक. पोर्तेल्लीने ती चूक फेकून दिली नाही. इतक्या जणांची चूक एकाच दिशेने का जाते, हा प्रश्न त्याने विचारला. परराष्ट्र धोरणाच्या मोर्चात पोरगं गेलं हे गावाला पचत नव्हतं. पोटाच्या लढाईत गेलं म्हटलं की त्या मरणाला गावाच्या हिशेबात जागा मिळत होती. आपल्या भाषेत सांगायचं तर यादृच्छिक त्रुटी आणि एका बाजूला झुकलेली त्रुटी यांत फरक असतो, आणि झुकलेली त्रुटी स्वतःच माहिती असते.

याचा अनुभव आपल्याकडे फिल्डवर कोणालाही येतो. 'विहीर कधी खोदली?' विचारलं तर सन कोणी सांगत नाही. 'बहात्तरच्या दुष्काळात' असं उत्तर येतं. ते कधी १९७२ असतं, कधी त्याच्या दोन-तीन वर्षं अलीकडे-पलीकडे. तारीख म्हणून ते कच्चं आहे, पण विहीर कशासाठी खोदली हे त्यात पक्कं आलेलं असतं. तेव्हा मुलाखतीतली तारीख कागदाशी ताडा, आणि जुळली नाही तर ती खोडण्याआधी थांबा.

या कसोटीवर गिरणगावचं पुस्तक लावलं की त्याच्या मर्यादा दिसतात. मला तीन जाणवल्या.

पहिली, बोलणारा कोण? चळवळीत घडलेली, सभेत बोलायची सवय असलेली माणसं इथे जास्त ठळक ऐकू येतात. ते साहजिकही आहे, कारण दोन्ही लेखिका गिरणी कामगारांच्या लढ्याच्या जवळच्या. त्या जवळिकीमुळेच दारं उघडली, हे मान्य करायलाच हवं. पण संप चालू असताना गुपचूप कामावर परतलेला माणूस अशा पाहुण्याशी किती मोकळं बोलेल? बदली कामगार, ज्याला रोज गेटवर उभं राहून आज काम आहे का हे बघावं लागायचं, त्याची संपाची गोष्ट कायम कामगारासारखीच असेल का?

दुसरी, प्रश्न कुठे गेले? निवेदनं सलग छापली आहेत, वाचायला छान वाटतात. पण विचारणाऱ्याने काय विचारलं होतं हे पानावर दिसत नाही. 'संपात तुमचं काय झालं?' आणि 'संप का हरला?' या दोन प्रश्नांना एकच माणूस दोन वेगळी आयुष्यं सांगू शकतो. प्रयोगशाळेत आपण उपकरणाचं कॅलिब्रेशन लिहिल्याशिवाय वाचन लिहीत नाही. मुलाखतीचं कॅलिब्रेशन म्हणजे प्रश्न. शिवाय या आठवणी गिरण्यांच्या जमिनीचा वाद पेटलेला असताना छापून आल्या आहेत. घरावरचा हक्क सांगायचा असतो तेव्हा माणूस भूतकाळातून हक्काला पुरावा ठरेल ते आधी काढतो. यात खोटेपणा नाही. पण वाचणाऱ्याला ते माहीत असलं पाहिजे.

तिसरी मर्यादा 'आम्ही' या शब्दाची. गिरणगावात 'आम्ही सगळे एक होतो' हे वाक्य फार गोड आहे. ते ऐकलं की लगेच विचारा : कुठल्या खात्यात? साचेखात्यात धोट्यातली नळी बदलताना दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे. उष्ट्याचं कारण पुढे करून अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात येऊच दिलं जात नसे, आणि तिथेच मजुरी जास्त होती. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हाच मुद्दा उचलला होता. एकजूट खरी होती, आणि हा दोराही खरा होता. दोन्ही एकाच इतिहासात बसवायचे तर निवेदनांच्या शेजारी लेखकाने जास्त वेळ उभं राहायला हवं. इथे निवेदनं बऱ्याचदा आपल्याच वजनावर सोडून दिली आहेत, असं माझं मत आहे.

आता वेल्सकडे. कारण या विषयावर वाचायला लागलात की दक्षिण वेल्सच्या कोळसा खोऱ्यांचे संदर्भ आल्याशिवाय राहत नाहीत. र्‍हॉन्डा खोऱ्यातली शेवटची खाण, मार्डीची, १९९० मध्ये बंद झाली. त्याआधी १९८४-८५ चा वर्षभराचा संप हरला होता. आपल्या संपाशी साम्य लगेच डोळ्यात भरतं. तिथल्या संशोधकांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच, खाणी चालू असताना, वृद्ध खाणकामगारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. कामगारांनी पगारातून पैसे कापून देत उभी केलेली वाचनालयं मोडीत निघत होती, त्यांतली पुस्तकंही वाचवली. त्यातून १९७३ मध्ये स्वान्सी इथे साउथ वेल्स मायनर्स लायब्ररी उभी राहिली. संशोधकाने काय लिहिलं ते पुरेसं वाटलं नाही तर मूळ आवाज ऐकायची सोय राहिली. मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाने हे डोक्यात ठेवावं : पुस्तक हे आपलं आहे, ध्वनिफीत पुढच्या संशोधकाची.

पण वेल्सहून 'खाण समाज' ही संकल्पना उचलून इथे लावू नका. त्या खोऱ्यात घर, खाण, चर्च, क्लब, दफनभूमी हे सगळं एकाच उतारावर. खाण बंद झाली तरी माणसं तिथेच राहिली. म्हणून तर हिरवाउनच्या टॉवर खाणीत २३९ कामगारांना आपली भरपाई, प्रत्येकी ८,००० पौंड, एकत्र घालून १९९५ मध्ये खाण विकत घेता आली. ती त्यांनी २००८ पर्यंत चालवली. गिरणी कामगाराचं तसं नव्हतं. त्याची एक चूल परळला आणि दुसरी रत्नागिरीत नाहीतर साताऱ्यात. संप लांबला तसा तो गावी गेला. त्यामुळे १९८२ नंतरचा गिरणगाव शोधायचा तर निम्मा अभ्यास मुंबईच्या बाहेर करावा लागतो. पुस्तकाची चौकट नावातच गिरणगावाची आहे. गावची ये-जा त्यात येते, पण परत न आलेल्यांचा आवाज त्या चौकटीत मावत नाही. माझ्या मते ही या पुस्तकाची सगळ्यात मोठी पोकळी आहे, आणि तुमच्यासाठी सगळ्यात मोठी संधी.

साखर कारखान्यावर येऊ. भाऊसाहेबनगरला जाऊन मुलाखती घेतल्या तर कोण भेटेल? निवृत्त कायम कामगार, ऊस घालणारे सभासद, एखादा माजी संचालक. कोयता घेऊन हंगामापुरती आलेली तोडणीची टोळी तिथे राहतच नव्हती. कारखाना बंद पडल्यावर त्यांचा मुकादम दुसऱ्या कारखान्याची उचल घेऊन मोकळा झाला. तुमच्या प्रबंधात 'परिसरातील जनजीवन' असं लिहिलंत की ही माणसं आपोआप बाहेर पडली, आणि आराखड्यातला तो एक शब्द कोणाच्या लक्षातही येणार नाही.

तेव्हा हे पुस्तक जरूर वाचा, दोनदा वाचा. पहिल्यांदा माणसांसाठी. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, प्रत्येक निवेदनाशेजारी तीन गोष्टी लिहीत : हा माणूस लेखिकांपर्यंत कोणामार्फत पोचला असेल, त्याला काय विचारलं असेल, आणि हे सांगताना त्याचं काय पणाला लागलं होतं. मग स्वतःच्या आराखड्यातली 'शंभर कामगारांच्या मुलाखती' ही ओळ खोडून त्या जागी कोणत्या खात्यातले, कायम की हंगामी, गावात राहिलेले की गेलेले, असे गट लिहा. वीस जण घ्या, पण का घेतले ते सांगता आलं पाहिजे. ध्वनिमुद्रणाची परवानगी लेखी घ्या, प्रश्नावली परिशिष्टात जोडा आणि मुद्रणं कुठे ठेवणार ते आधीच ठरवा.

आणि फार वेळ लावू नका. बंद गिरणी कामगार संघर्ष समितीचे दत्ता इस्वलकर २०२१ मध्ये गेले. गिरणगावचा त्यांच्याएवढा जाणकार साक्षीदार आता कोणाच्या प्रश्नावलीला उत्तर देणार नाही. आपल्या तालुक्यातले, बॉयलरवर किंवा वजनकाट्यावर आयुष्य काढलेले लोक आज सत्तरीच्या आसपास आहेत. मार्गदर्शक मिळेपर्यंत, नोंदणीचं पत्र हातात येईपर्यंत थांबायची गरज नाही. पहिली मुलाखत या रविवारीसुद्धा घेता येईल.