पुढचा प्रश्न विचारणार कोण?

मराठीत सध्या मुलाखती उदंड झाल्या आहेत. साहित्य संमेलनात प्रकट मुलाखत असते, व्याख्यानमालेत एक दिवस तिच्यासाठी राखलेला असतो, दिवाळी अंकात किमान एक छापली जाते आणि यूट्यूबवर दोन-दोन तासांच्या गप्पा रोज येतात. एवढं असूनही एखाद्या लेखकाचा, गायकाचा किंवा कार्यकर्त्याचा विचार मुळापासून कळला, असं क्वचितच वाटतं. बालपणातली गरिबी, पहिली संधी, गुरूंची आठवण, पुरस्कार मिळाला तेव्हाच्या भावना आणि शेवटी तरुणांना संदेश, अशी मुलाखतीची वाट ठरून गेली आहे. आपण मुलाखतीला सत्काराचा भाग करून टाकलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. संस्कृती, न्याय आणि पर्यावरण यांविषयी बोलायची वेळ येते तेव्हा याचं नुकसान सर्वांत जास्त जाणवतं.

या विषयांवरच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर बोलणाऱ्याजवळ तयार असतं. परंपरा जपली पाहिजे, विषमता गेली पाहिजे, झाडं लावली पाहिजेत, हे कोणीही सांगेल. परंपरा नेमकी कोणाची, ती जपताना कोणाला बाहेर ठेवलं, झाड कोणत्या जमिनीवर लावायचं आणि त्या जमिनीवर आज कोणाची गुरं चरतात, हे पुढचे प्रश्न. मुलाखतीची कला सुरू होते ती इथून. त्यासाठी विचारणाऱ्याची तयारी हवी, ऐकण्याची चिकाटी हवी आणि समोरच्या मोठ्या माणसाला आदर राखून अडवण्याची हिंमतही हवी.

ही कला मराठीला परकी नाही. प्रतिभा रानडे यांचं 'ऐसपैस गप्पा : दुर्गाबाईंशी' हे पुस्तक मी या प्रकारातलं आपल्याकडचं सर्वांत मोलाचं काम मानतो. दुर्गा भागवत म्हटलं की कोणाला 'ऋतुचक्र' आठवतं, कोणाला लोकसाहित्य, तर कोणाला 1975 सालचं कऱ्हाडचं संमेलन. आणीबाणीत अध्यक्षपदावरून त्यांनी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली आणि पुढे तुरुंगवासही पत्करला. प्रत्येकाने आपल्या सोयीची दुर्गाबाई उचलली आहे. रानडे यांच्या पुस्तकात मात्र एकच बाई भेटते. आदिवासींमध्ये जाऊन त्यांच्या कथा आणि चालीरीती समजून घेणारी, त्या भटकंतीत विषारी कंद पोटात गेल्यामुळे अनेक वर्षं अंथरुणाला खिळलेली, झाडाच्या पालवीकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहणारी आणि सत्तेपुढे न वाकणारी, ही सगळी एकाच स्वभावाची रूपं आहेत हे वाचताना कळत जातं. निसर्ग नीट पाहण्याची सवय आणि अन्याय झाला की गप्प न बसण्याची सवय या दोहोंचं मूळ एकच असू शकतं, हे कोणत्याही सिद्धान्ताशिवाय पटतं. विषय बदलू देण्याइतका वेळ विचारणाऱ्या बाईंजवळ होता, म्हणून हे घडलं. स्वयंपाकाबद्दलच्या गप्पाही त्यांनी फालतू मानल्या नाहीत.

दुसरं पुस्तक उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं, 'आम्हीही इतिहास घडवला'. ते 1989 साली आलं. आंबेडकरी चळवळीत उतरलेल्या बायकांना शोधून, त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्याशी बोलून या दोघींनी ते उभं केलं. महाडचा सत्याग्रह, नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह, जुलै 1942 मधली नागपूरची दलित महिला परिषद, या घटना तोवर पुरुषांच्या नावांनीच लिहिल्या जात होत्या. इथे उत्तर देणाऱ्या बायका नामवंत नव्हत्या. मुलाखत द्यायची त्यांना सवय नव्हती आणि आपण केलं ते सांगण्याजोगं आहे, असं त्यांना आधी कोणी म्हटलंही नव्हतं. अशा वेळी विचारणाऱ्याने काय माहीत करून घेतलं आहे यावर सगळं ठरतं. सभेची तारीख बाईला आठवणार नाही, पण त्या दिवशी पोरं कोणाकडे ठेवली, भाकरी कोणी भाजल्या, हे आठवेल. त्या तपशिलातून चळवळीचा जो इतिहास हाती येतो तो ठरावांच्या कागदांतून येत नाही. या मुलाखती झाल्या नसत्या तर त्या पिढीबरोबर तो गेला असता. न्यायाच्या विषयात मुलाखत कशासाठी, या प्रश्नाला हे पुस्तक उत्तर आहे.

आपल्याकडे आणखी एक प्रकार रुजला, शब्दांकनाचा. शांताबाई दाणी यांचं 'रात्रंदिन आम्हां' हे आत्मकथन भावना भार्गवे यांच्या शब्दांकनातून आलं आणि ते आलं हे फार चांगलं झालं. तरी या प्रकाराबद्दल माझी एक तक्रार आहे. शब्दांकनात प्रश्न गाळले जातात. कोणती गोष्ट आपणहून सांगितली, कोणती विचारल्यावर सांगितली, कुठे उत्तर टाळलं, हे वाचकाला कळायला मार्ग राहत नाही. चळवळीतल्या माणसांची शब्दांकनं आता पुष्कळ होतात. निदान पुस्तकाच्या शेवटी प्रश्नांची यादी छापावी.

छोट्या पडद्याची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. मुंबई दूरदर्शन 1972 साली सुरू झालं आणि 'प्रतिभा आणि प्रतिमा'सारख्या कार्यक्रमाने कलावंतांना शांतपणे बोलतं केलं. रंगमंचावर सुधीर गाडगीळांनी प्रकट मुलाखतीला रसिकांची गर्दी मिळवून दिली. पुढे खासगी वाहिन्यांवर राजू परुळेकरांचा 'संवाद', निखिल वागळेंची 'ग्रेट भेट', नंतर 'माझा कट्टा' आले आणि प्रत्येकाने आपापला प्रेक्षक घडवला. आता पॉडकास्टने वेळेची अडचणही दूर केली आहे. ही मोठी कमाई आहे. परंतु वेळ मिळाला म्हणून खोली येते असं नाही. अनेक ठिकाणी विचारणारा पाहुण्याचं एकही पुस्तक न वाचता बसलेला दिसतो आणि प्रत्येक उत्तरावर मान डोलावतो. दोन तासांत एकदाही 'हे मला पटलं नाही' असं वाक्य येत नसेल तर तिथे संवाद झाला, असं मी म्हणणार नाही.

पर्यावरणाच्या बाबतीत तर अवस्था फारच वाईट आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पश्चिम घाटाचा अहवाल ऑगस्ट 2011 मध्ये सरकारला दिला आणि तो लोकांसमोर यायला मे 2012 उजाडला. त्यानंतर 2014 साली माळीण, 2021 साली तळीये, 2023 साली इर्शाळवाडी गाडली गेली. दरड कोसळली की वाहिन्यांना गाडगीळ आठवायचे आणि अहवाल ऐकला असता तर काय झालं असतं, हाच प्रश्न पुन्हा यायचा. त्या अहवालाचा गाभा मात्र निर्बंधांच्या यादीत नाही. कोणत्या भागात काय चालेल आणि काय नाही, यावर ग्रामसभांनी चर्चा करून मत द्यावं, हा त्याचा आग्रह होता. ती चर्चा का झाली नाही, कोणत्या गावात अहवाल कोणत्या भाषेत पोचला, कोणी पोचू दिला नाही, हे खोदून विचारणाऱ्या मुलाखती मराठीत किती निघाल्या? फार थोड्या.

कोकणातल्या सड्यांचं उदाहरण जरा जवळून पाहू. जांभ्या दगडाचं हे पठार उन्हाळ्यात काळंठिक्कर आणि ओसाड दिसतं. सरकारी नोंदीत अशी जमीन बहुधा पडीक किंवा पोटखराब धरली जाते. पावसात त्याच कातळावर पाणी साचतं, ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेच्या आसवांनी आणि गेंदाने तो निळा-पांढरा होतो, पातळ मातीच्या खळग्यांत भात लागतं, गुरं चरतात आणि मुरलेलं पाणी खालच्या वाड्यांच्या विहिरींना मिळतं. याच कातळावर हजारो वर्षांपूर्वी माणसाने चित्रं कोरून ठेवली. कशेळीचा प्रचंड हत्ती आणि त्याच्या पोटात कोरलेले इतर प्राणी पाहताना पाय तिथून निघत नाही. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून, जाणत्या माणसांना विचारत या शिल्पांचा शोध घेतला. म्हणजे हा शोधच संभाषणातून लागला. 2022 साली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली. त्यांत राजापूर तालुक्यातलं बारसूही आहे. एप्रिल 2023 मध्ये बारसूला रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, बायका रस्त्यावर उतरल्या आणि कॅमेरे तिथे पोचले. कॅमेऱ्यांपाशी एकच प्रश्न होता, प्रकल्प हवा की नको. सड्यावर कोणत्या महिन्यात काय असतं, गवत कोण कापतं, चित्रांविषयी आजी काय सांगायची, मुंबईला गेलेला मुलगा परत येण्यासाठी काय हवं, यांतलं काहीच विचारलं गेलं नाही. प्रकल्पाची बाजू घेणाऱ्या गावकऱ्यालाही रोजगाराच्या पलीकडे कोणी बोलू दिलं नाही. संस्कृती, न्याय आणि पर्यावरण एकाच दगडावर उभे असताना आपण त्यांना एका हो-नाहीत संपवलं.

याच महाराष्ट्रात वेगळी रीत शिकायला जागा आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने अभ्यासगट चालवले. बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, त्याला हवं तेवढं विचारायचं, आपसांत चर्चा करायची आणि मग ग्रामसभेत निर्णय घ्यायचा, तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. मिलिंद बोकील यांच्या 'गोष्ट मेंढा गावाची' या पुस्तकात हे सविस्तर वाचायला मिळतं. तिथे प्रश्न विचारणाऱ्याला त्या उत्तराप्रमाणे जगायचं असतं, म्हणून तो अर्धवट उत्तरावर समाधान मानत नाही. आमच्या व्यासपीठावरच्या मुलाखतकारांनी एवढी गरज मनात धरली तरी पुष्कळ बदलेल.

दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी विनंती आहे. येत्या वर्षी एक तरी मुलाखत वीस पानांची छापा. ती घेणाऱ्याला बरंच आधी काम द्या, प्रवासखर्च द्या आणि त्याच्या कष्टाचं मानधन कथालेखकाइतकंच ठेवा. एक बैठक पावसाळ्यात आणि दुसरी उन्हाळ्यात होऊ द्या. नामवंत माणूसच हवा असा हट्ट धरू नका. सड्यावर गुरं चारणारा, तमाशाच्या फडात ढोलकी वाजवणारा, नदीवर मासे धरणारा माणूस निवडा. प्रश्न गाळू नका आणि जिथे मतभेद झाला तो भाग तर मुळीच कापू नका.