शिडी की पिंजरा? शेतीच्या दोन गोष्टी आणि कोकणचा कातळ

माणूस आधी शिकार करत असे, कंदमुळे गोळा करत असे. मग त्याला शेतीचा शोध लागला. तो एका जागी राहू लागला, धान्य उरू लागले, त्या शिलकीवर कारागीर, पुरोहित आणि राजे पोसले गेले, नगरे उभी राहिली. ही गोष्ट आपण सर्वांनी शिकलेली आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ती शिकवलेलीही आहे. तिला आपण शिडीची गोष्ट म्हणू. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या वर. व्ही. गॉर्डन चाइल्ड या पुरातत्त्वज्ञाने १९३६ साली 'मॅन मेक्स हिमसेल्फ' या पुस्तकात 'नवाश्मयुगीन क्रांती'ची कल्पना मांडली आणि या गोष्टीला शास्त्रीय बैठक मिळाली.

अलीकडे दुसरी गोष्ट जास्त ऐकू येते. जॅरेड डायमंड यांनी १९८७ साली 'डिस्कव्हर' मासिकात लिहिलेल्या लेखात शेतीला मानवजातीची सर्वांत मोठी चूक ठरवले. युवाल नोआ हरारी यांच्या 'सेपियन्स'ने (हिब्रूत २०११, इंग्रजीत २०१४, मराठीतही अनुवाद आहे) हाच विचार घरोघरी पोहोचवला. शेतीने माणसाचे कष्ट वाढले, आहार एकसुरी झाला, रोगराई आणि विषमता आली. लोकसंख्या मात्र वाढली आणि त्यामुळे परतीचा रस्ता बंद झाला, असे त्याचे सार आहे. ही पिंजऱ्याची गोष्ट.

दुसरी गोष्ट पहिलीला छान धक्का देते, म्हणून अनेक शिक्षकांना ती आवडते. आम्हालाही तिच्यातला बराचसा भाग पटतो. पण आमचा आक्षेप असा की दोन्ही गोष्टींचा सांगाडा एकच आहे. रस्ता एक, वळण एक, आणि एकदा वळले की मागे फिरणे नाही. फरक फक्त शेवटी टाळ्या वाजवायच्या की हळहळायचे, एवढाच. हा सांगाडा पुराव्यावर टिकतो का, ते महाराष्ट्रातल्या आणि विशेषतः रत्नागिरीतल्या उदाहरणांवरून तपासून पाहू.

पिंजऱ्याचा पुरावा किती भक्कम?

आधी या गोष्टीचे जे देणे लागते ते देऊ. शेतीबरोबर दात किडण्याचे प्रमाण वाढले, याला जगातल्या अनेक ठिकाणी आधार आहे. आपल्या देशातही उत्तर प्रदेशातील प्रतापगड जिल्ह्यात सराय नाहर राय, महदहा आणि दमदमा येथे शिकार व संकलन करणाऱ्यांचे सांगाडे मिळाले. ही माणसे उंच, दणकट हाडांची होती आणि त्यांचे दात कमी किडलेले होते. पिठूळ, चिकट अन्न दातांना धरून राहते, जंतू त्याचे आम्ल करतात, ही प्रक्रिया मुलांना सहज समजावता येते.

पण सांगाड्यांवरून आरोग्य ओळखताना एक मेख आहे. लहानपणी उपासमार किंवा मोठे आजारपण झाले तर दाताच्या कवचात आडव्या रेघा उमटतात. शेतकऱ्यांच्या दातांत अशा रेघा जास्त दिसल्या की आपण म्हणतो, त्यांचे हाल जास्त. मात्र रेघ उमटायला मूल त्या आजारातून वाचावे लागते. जे दगावले त्याच्या दातात रेघ नाही! म्हणजे रेघा जास्त असणे हे कधी कधी जास्त मुले तग धरत होती याचेही लक्षण असू शकते. जेम्स वुड आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली हा पेच सविस्तर मांडला. तसेच दफनभूमीत लहान मुले खूप सापडली तर मृत्युदर वाढला असेल, किंवा जन्मच जास्त होत असतील. एकाच पुराव्याचे दोन अर्थ निघतात, आणि लोकप्रिय पुस्तकांत त्यांपैकी सोयीचा तेवढा येतो.

फुरसतीच्या हिशेबाचेही तसेच. कालाहारीतल्या कुंग लोकांवर रिचर्ड ली यांनी १९६० च्या दशकात काम केले. अन्न मिळवायला त्यांना आठवड्याला १२ ते १९ तास पुरतात, हा आकडा फार गाजला. पुढे खुद्द ली यांनीच हत्यारे बनवणे आणि घरकाम धरून हिशेब केला, तेव्हा तो सुमारे ४२ तासांवर गेला. दाणे फोडणे, सोलणे, शिजवणे हे काम 'काम' म्हणून मोजायचे की नाही, यावर निष्कर्ष फिरला. आपल्या घरातही हा प्रश्न नवा नाही.

इनामगाव : मागे फिरणारा रस्ता

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. सुमारे इ. स. पू. १६०० ते ७०० या नऊशे वर्षांत तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती.

शिडीच्या गोष्टीतले सारे काही इथे आहे. सातू, गहू, मसूर, कुळीथ ही पिके आहेत. पाणी वळवण्यासाठी बांध आणि पाट आहे. पाच खोल्यांचे एक मोठे घर आहे आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार. हे घर वस्तीच्या मुख्याचे असावे असे उत्खनन करणाऱ्यांनी मानले. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालची पावले तोडण्याची येथे प्रथा होती. पण चार पायांच्या एका रांजणात बसलेल्या स्थितीत पुरलेल्या माणसाची पावले शाबूत आहेत. धान्याची शिलक आणि माणसामाणसांतला भेद यांचे नाते दाखवणारे इतके बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

परंतु गोष्ट इथे संपत नाही. इ. स. पू. १००० नंतरच्या थरात मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या येतात. गव्हाची शेती मागे पडते, हरणांसारख्या वन्य प्राण्यांची हाडे वाढतात. हवामान कोरडे झाल्यामुळे लोक पशुपालन, शिकार आणि संकलन यांकडे झुकले, असे ढवळीकरांनी मांडले. त्याच काळातल्या मुलांच्या सांगाड्यांचा पुन्हा अभ्यास करून ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ च्या आपल्या पुस्तकात हे सरळ उत्तर पुरेसे नसल्याचे दाखवण्याचा प्रयत्न केला. वाद चालू राहील. पण शेतीचे वजन वाढते तसे कमीही होते, एवढे इनामगाव नक्की सांगते. शिडीवरून माणसे खाली येतात. पिंजऱ्याचे दारही अगदी कुलूपबंद नसते.

'क्रांती' हा शब्दही जपून वापरायला हवा. रानटी गव्हाची ओंबी पिकली की दाणे आपोआप गळतात. माणूस कापून घरी आणतो ती न गळलेली ओंबी, आणि पुढच्या वर्षी पेरतो तेही तेच दाणे. अशा निवडीतून न गळणारा गहू तयार झाला. पश्चिम आशियातल्या अवशेषांवरून हा बदल पुरा व्हायला हजारांहून अधिक वर्षे लागल्याचे दिसते. उलट जॉर्डनमधल्या एका वस्तीत शेतीच्या सुमारे चार हजार वर्षे आधी भाजलेल्या भाकरीचे तुकडे मिळाले आहेत. तुर्कस्तानातील गोबेक्ली तेपे येथे सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वी प्रचंड दगडी खांब उभारणारे लोक रानातलेच अन्न खात होते. आधी शेती, मग स्थैर्य, मग मोठी बांधकामे, हा क्रम प्रत्येक ठिकाणी पाळला गेलेला नाही.

चित्रात नाही, म्हणून जगण्यात नाही?

आता रत्नागिरीकडे येऊ. इथल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, कातळात खोदलेली चित्रे आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे ही त्यांतली काही ठिकाणे २०२२ साली जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेली. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई यांच्यासारख्या स्थानिक अभ्यासकांनी पायपीट करून ती जगापुढे आणली, याचे मोल मोठे आहे. हत्ती, वाघ, हरणे, मासे, पाकट आणि आज कोकणात नसलेला गेंडाही या चित्रांत ओळखला गेला आहे.

या चित्रांविषयी एक युक्तिवाद वारंवार केला जातो. चित्रांत प्राणी आहेत, शेती नाही. म्हणून ती काढणारे शेतीपूर्व काळातले शिकारी असावेत. निष्कर्ष खराही असू शकेल. गेंड्याचे चित्र जुन्या काळाकडे बोट दाखवते, हेही मान्य. पण युक्तिवाद म्हणून तो लंगडा आहे. माणूस चित्रात रोजचे जेवण काढतोच असे नाही. आपल्या देवळांच्या खांबांवर व्याल, हंस आणि मकर असतात, भाताची लावणी सहसा नसते. त्यावरून देवळे बांधणारे भात पिकवत नव्हते असे कोणी म्हणणार नाही.

कातळावरच्या खोदरेषेचे वय थेट मोजणे फार अवघड आहे, कारण कार्बन-१४ पद्धतीला लागणारा सेंद्रिय पदार्थ तिथे नसतो. जांभ्याची माती आम्लधर्मी, त्यामुळे हाडे विरघळून जातात. इनामगावसारखे सांगाडे इथे मिळण्याची आशा कमी. शिवाय बारा हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा पन्नास मीटरहून अधिक खाली होती. तेव्हाचा किनारा आजच्या किनाऱ्याच्या बराच पश्चिमेला होता, आणि त्या किनाऱ्यावरच्या वस्त्या असल्याच तर आज पाण्याखाली आहेत. अशा वेळी उत्तर शोधायचे ते तळ्यांच्या गाळातल्या परागकणांत, गवतवर्गीय वनस्पतींच्या सिलिकाकणांत आणि दगडी हत्यारांत. त्यासाठी आधी सडे शिल्लक राहिले पाहिजेत. चिरेखाणी, रस्ते आणि बांधकामे यांत एक कातळ गेला की त्यावरचा पुरावा कायमचा गेला.

मांडवीची ओहोटी

रत्नागिरी शहराच्या मांडवी किनाऱ्यावर हा सारा वाद आजही डोळ्यांनी पाहता येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला या भागातल्या खडकांवरून कालवे फोडली जातात, भाट्याच्या खाडीत तिसऱ्या आणि मुळे हाताने वेचले जातात. हे काम बहुतांशी बायका करतात. मासेमारी हेही शेवटी न पेरलेले अन्न गोळा करणेच आहे. पावसात डोंगरउतारावर नाचणी-वरी असते आणि बांधावर टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी. एकाच घरात, एकाच वर्षात शेती आणि संकलन सुखाने नांदतात. जगात बहुतेक ठिकाणी हजारो वर्षे हेच मिश्र जगणे चालत आले. पुस्तकांत मात्र ते दोन युगांत तोडून दाखवले जाते.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, म्हणून भाज्या आणि देवभात शोधला जातो. ही प्रथा थेट शिकारी युगातून आली असे म्हणणे धाडसाचे होईल. पण नांगराशिवायचेही अन्न असते, ही जाण समाजाने जपली आहे एवढे खरे.

मांडवी या शब्दाचा जुना अर्थ जकातीचे ठाणे. जेम्स स्कॉट यांनी २०१७ साली 'अगेन्स्ट द ग्रेन' या पुस्तकात असे मांडले की राज्यसंस्था धान्यावर उभ्या राहिल्या, कारण धान्य एका वेळी पिकते, दिसते, मोजता येते, साठवता येते आणि म्हणून त्यावर कर बसवता येतो. ताजी मासळी दुसऱ्या दिवशी नासते, जमिनीतला कंद दिसत नाही. विषमतेची गुरुकिल्ली निव्वळ शेतीत शोधण्यापेक्षा साठवण, मोजणी आणि तिच्यावरचा ताबा यांत शोधावी, हे आम्हाला अधिक पटते. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर सॅमन मासा वाळवून साठवणाऱ्या, शेती न करणाऱ्या समाजांत सरदार होते आणि गुलामही होते. इनामगावच्या मुख्याचे घर कोठाराला लागून होते, याचा अर्थही मग उलगडतो.

वर्गात काय सांगावे?

हा वाद केवळ विद्वानांचा नाही. शिडीची गोष्ट शिकताना जिची आई कालवे फोडते ती मुलगी आणि ज्याचे आजोबा रानातले कडू कंद राखेत उकळून खाण्याजोगे करतात तो कातकरी मुलगा एक गोष्ट न सांगता शिकतात : आपण खालच्या पायरीवर आहोत. पिंजऱ्याची गोष्ट त्यांना 'सुखी आदिमानव' बनवते. तोही सन्मान नव्हे. कोणता कंद विषारी, तो किती वेळा धुवायचा, कोणत्या तिथीला पाणी किती ओसरते, हे ज्ञान आहे, आणि तेही निरीक्षणातून पारखलेले.

म्हणून धडा गाळू नये; त्याला एक तक्ता जोडावा. विद्यार्थ्यांनी आपल्या घरात वर्षभर आलेल्या अन्नाची महिन्यावार नोंद करावी : पेरलेले, पाळलेले, गोळा केलेले, विकत घेतलेले. कोणते टिकते, कोणते नासते, ते कोण आणते, कोण साफ करते, हिशेब कोणाच्या हाती असतो, हेही लिहावे. मग धड्यातली 'शिकारी', 'पशुपालक', 'शेतकरी' ही युगे त्या तक्त्याशेजारी ठेवावीत. एका घराचे वर्ष एका रकान्यात बसत नाही हे मुलांनी स्वतः पाहिले, की दहा हजार वर्षांचा माणूस एका शिडीवर का बसवू नये, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.